ढाक कुणी कापला? कोल्हापुरातल्या एका कुस्तीच्या गेमचं प्रकरण

गेम खेळणारे आणि गेम बनवणारे यांच्यातली भांडणं आपल्याला माहीत असतात ती बहुतेक परदेशातली. हे भांडण राजारामपुरीतलं आहे. गेमचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत किंवा बदललेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवलाय. दोन्ही बाजूंशी बोलून लिहिलंय. तरी माझं मत मध्येमध्ये डोकावेल, ते मुद्दाम झाकलेलं नाही.

पार्श्वभूमी

सहा जणांचा स्टुडिओ. दोन भागीदार: एक डिझाइन बघणारा, एक कोड बघणारी. दोघांनीही पुण्यात नोकऱ्या केल्या आणि घरचं भाडं वाचतं म्हणून कोल्हापूरला परतले. सुरुवातीला बाहेरच्या कंपन्यांसाठी जाहिरातीचे छोटे गेम करून खर्च निघायचा. मग स्वतःचा गेम काढला. मातीतली कुस्ती, मोबाईलवर, ऑनलाइन, दोन खेळाडू समोरासमोर.

आखाडा खासबागेवरून बेतलेला. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१२ साली सुरू झालेलं ते खोलगट मैदान कोल्हापूरकराला चित्रातही लगेच ओळखू येतं, आणि त्यातली चूकही लगेच दिसते. पहिल्या आवृत्तीत हौद्याच्या मातीचा रंग जरा पिवळट होता. त्यावरून आलेल्या तक्रारी बघून स्टुडिओला अंदाज यायला हवा होता की आपला खेळाडू वर्ग कसा आहे.

नियम साधे ठेवले होते. मॅटवरच्या कुस्तीत गुण असतात. इथे मातीतल्यासारखं चितपट करायचं, बाकी काही नाही. एकेरी पट, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड, ढाक असे डाव. प्रत्येक डावाला दम खर्च होतो आणि प्रत्येक डावाला तोड आहे. समोरच्यानं डाव टाकला की आपल्या तोडीच्या बटणाभोवतीचं कडं तांबडं होतं. कडं तांबडं असेतोवर बटण दाबलं तर डाव तुटतो, नाहीतर तुम्ही पाठीवर.

डाव खरे दिसावेत म्हणून एका तालमीतल्या निवृत्त वस्तादांना गाठलं होतं. त्यांनी दोन पोरं समोर घेऊन सगळे डाव करून दाखवले, स्टुडिओनं दोन बाजूंनी शूटिंग केलं आणि चित्रकार मुलीनं त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. वस्तादांनी पैसे घेतले नाहीत. श्रेयनामावलीत नाव घाला आणि डाव नासवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यामुळे तालमीतली पोरं खेळायला लागली, त्यांच्यामुळे पेठांतली पोरं, आणि शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ हे फुटबॉलमधलं वैर आठवडाभरात मोबाईलवर आलं. नाद खुळा म्हणतात तसला प्रकार. गेम फुकट होता. कमाई जाहिरातींची, शिवाय फेटे, लंगोटाचे रंग आणि विजयाच्या वेळी वाजणारे हलगीचे ताल विकून.

म्हणजे गेमला दोन प्रकारचे लोक होते. पहिले संख्येनं थोडे, पण रोज तासन्‌तास खेळणारे आणि कुस्ती कळणारे. दुसरे महाराष्ट्रभरातले नवखे: डाऊनलोड करायचे, चार-दोन मॅच खेळायचे आणि बरेचसे निघून जायचे. भांडण वरवर पाहता या दोघांच्या मध्ये होतं.

अडचण

नवखे का जातात, हे डिझायनरनं आकड्यांत शोधलं. उत्तर एकच दिसत होतं: ढाक. मुरलेला खेळाडू समोर आला की पहिल्या काही सेकंदांत ढाक, चितपट, खेळ खलास. दुसऱ्या मॅचलाही तेच. तिसऱ्या मॅचला नवखा गेम काढूनच टाकायचा.

याचं कारणही सापडत होतं. ढाकाला तोड करण्याची मुदत ८ फ्रेमची होती. पडद्यावर एकामागून एक येणारं एकेक चित्र म्हणजे फ्रेम. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालत असेल तर ८ फ्रेम म्हणजे सुमारे १३३ मिलिसेकंद. डोळ्यांना काही दिसून बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे ढाक बघून तोडणं अशक्यच होतं, आधीच अंदाज बांधून बटण दाबावं लागे. मुरलेल्यांना तो अंदाज बांधता यायचा, नवख्यांना नाही. इथवर डिझायनरचं निदान पक्कं होतं आणि माझ्या मते बरोबरही होतं.

त्यानं दोन बदल केले. मुदत ८ वरून १४ फ्रेम केली, म्हणजे सुमारे २३३ मिलिसेकंद. आणि ढाकाचा दम-खर्च वाढवला.

नेमका तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. गूगल प्ले दरवर्षी ३१ ऑगस्टच्या सुमारास अट घालतं: अ‍ॅप नव्या अँड्रॉइडला धरून बनवलेलं हवं, नाहीतर पुढचं अपडेट चढवता येत नाही. त्यासाठी कोड बघणाऱ्या भागीदारानं गेमचं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर बनवला होता ते युनिटी हे सॉफ्टवेअर, नव्या आवृत्तीवर नेलं. त्या गडबडीत एक निर्णय झाला. स्वस्तातले मोबाईल फार तापतात अशा तक्रारी होत्या, म्हणून त्या मोबाईलांवर फ्रेमचा वेग वेगळा सांगायचाच नाही असं ठरलं. युनिटीत मोबाईलवर वेगळं काही सांगितलं नाही तर गेम सेकंदाला ३० फ्रेमनं चालतो. तापणं थांबलं. सगळं एकाच अपडेटमध्ये गेलं. ‘नवीन काय’ या रकान्यात एक ओळ: किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा.

किरकोळ! तालमीतल्या पोरांना पहिल्याच मॅचला कळलं. ढाक बसत नव्हता. बसला तरी नंतर दम उरत नव्हता. सुरुवातीपासून चालत आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रभर एकच विषय. दुसऱ्या दिवशी प्ले स्टोअरवर एक स्टारचे रिव्ह्यू सुरू झाले, आणि पेठांतली चुरस आता रिव्ह्यू टाकण्यात उतरली. मानांकन आठवड्यात चांगलंच घसरलं.

वस्तादांनी फोन केला. त्यांचा मुद्दा फ्रेमचा नव्हताच. ढाक नीट बसला की दम जातो तो खालच्याचा, मारणाऱ्याचा नव्हे. हे ज्यानं उलटं केलं तो कधी मातीत उतरलाय का, असा त्यांचा सवाल होता. डिझायनरनं त्यांना खेळाचा समतोल समजावून सांगायला घेतला. वस्तादांनी ऐकून घेतलं आणि माझं नाव काढा म्हणाले.

त्याच रात्री डिझायनरनं ग्रुपवर लिहिलं की एकाच डावावर जगणाऱ्यांनी कुस्ती शिकावी, नाहीतर गेम काढून टाकावा. मेसेज त्यानं थोड्या वेळानं पुसला, पण तोवर त्याचे स्क्रीनशॉट गंगावेशीच्या दूध कट्ट्यापर्यंत पोचले होते. तालमीत रोज घाम गाळणाऱ्या पोरांना कुस्ती शिका म्हणायचं, तेही कोल्हापुरात. यानंतर इन्स्टाग्रामवर जे यायला लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते वाचायचं काम चित्रकार मुलीकडे होतं, कारण पानावर चित्रं तीच टाकायची. ना तिनं ढाक बदलला होता, ना मेसेज लिहिला होता.

तक्रारींच्या ढिगातली एक तक्रार

डिझायनरच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मांडलेल्या वीस धड्यांपैकी एकाचा आशय त्यावर होता: खेळणाऱ्यांना अडचण ओळखता येते, पण ती सोडवणं त्यांना जमत नाही. गेम बनवणाऱ्यांत हे वाक्य फार प्रिय आहे, आणि का प्रिय आहे तेही उघड आहे. लोक त्यातला दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवतात. पहिल्या अर्ध्या भागानुसार तक्रार नीट वाचण्याची जबाबदारी आपल्यावर येते, ते सोयीस्करपणे विसरतात.

रिव्ह्यूंमधली मागणी एकच होती, ढाक पूर्वीसारखा करा. डिझायनरनं मागणी वाचली, ती पटली नाही आणि विषय संपवला. पण काही रिव्ह्यूंमध्ये मागणीशिवाय एक वेगळी गोष्ट लिहिलेली होती. भारी मोबाईल घेऊन पस्तावलो, साध्या मोबाईलवाल्याला ढाक बसतच नाही, अशा अर्थाची. स्टुडिओत हे रिव्ह्यू मोठ्यानं वाचून हसले. हरल्यावर लोक मोबाईललाही दोष देतात, पण तो सहसा आपल्या मोबाईलला, आणि तो स्वस्त असतो म्हणून. इथे तक्रार उलटी होती. महाग मोबाईलवाला म्हणत होता की स्वस्तवाला जिंकतोय. हे विचित्र आहे एवढं जरी कुणाच्या ध्यानात आलं असतं, तरी आठवडा वाचला असता.

ध्यानात आलं ते मंडपात. गणपती बसले होते आणि तालीम मंडळाची पोरं रात्री राखणीला असायची. राखण म्हणजे चहा आणि मोबाईल. शेजारी शेजारी बसून खेळताना एकाची बॅटरी संपली, त्यानं दुसऱ्याचा स्वस्तातला मोबाईल घेतला आणि आतापर्यंत जे ढाक त्याला लागत होते ते तो तोडायला लागला. मोबाईल बदलून पाहिले, तर जिंकणारा मोबाईलबरोबर बदलत होता.

दोन पोरं थेट स्टुडिओत आली. सहसा अशा वेळी आवाज चढलेला असतो. इथे तसं झालं नाही, कारण त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी होतं. त्यातला एक रोज मेहनत करणारा, कान मोडलेला पैलवान. त्यानं टेबलावर दोन मोबाईल शेजारी शेजारी ठेवले आणि तिसरा वरून धरला, स्लो मोशनवर. "बगा की. तुमच्या डोळ्यानंच बगा. कडं किती येळ तांबडं ऱ्हातंय त्ये मोजा." व्हिडिओ सेकंदाला २४० चित्रांचा होता. कोड बघणाऱ्या भागीदारानं तो संगणकावर घेऊन एकेक चित्र पुढं सरकवलं. एका मोबाईलवर तांबडं कडं ५६ चित्रं टिकलं. दुसऱ्यावर ११२.

बरोबर दुप्पट. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. मुदत फ्रेममध्ये मोजली होती, वेळेत नाही. सेकंदाला ६० फ्रेमच्या मोबाईलवर १४ फ्रेम म्हणजे २३३ मिलिसेकंद. ३० फ्रेमच्या मोबाईलवर त्याच १४ फ्रेम म्हणजे ४६७ मिलिसेकंद. आणि तोड जमली की नाही हे बचाव करणाऱ्याचाच मोबाईल ठरवत होता. म्हणजे हातात साधा मोबाईल असेल तर ढाक बघून, चहाचा घोट घेऊन तोडला तरी चालत होतं. ही चूक पहिल्या दिवसापासून कोडमध्ये होती. पूर्वी सगळ्या मोबाईलांवर ६० चीच अपेक्षा होती आणि तापलेला मोबाईल थोडा मागे पडला तरी फरक जाणवण्याइतका नसायचा. मुदत वाढली आणि त्याच दिवशी फ्रेम निम्म्यावर आल्या, तेव्हा ती उघडी पडली.

आता ढाक कुणी कापला? थोडा डिझायनरनं, जाणूनबुजून. बराचसा इंजिनच्या एका सेटिंगनं, नकळत. पोरांचं निदान, की डाव मुद्दाम मारला, अर्धं चूक होतं. पण त्यांचा पुरावा पूर्ण बरोबर होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ग्रुपवर रोज मागितला जात होता: जुनं अपडेट परत द्या. हे वाटतं तितकं सोपं नाही. प्ले स्टोअरवर जुनी आवृत्ती तशीच परत चढवता येत नाही. आवृत्तीचा क्रमांक पुढचा लागतो आणि नव्या अँड्रॉइडची अटही पाळावी लागते. म्हणजे जुनं वागणं परत द्यायचं तरी नवंच अपडेट बनवावं लागणार होतं. शिवाय नवखे पळतात ही मूळ अडचण तशीच राहिली असती. डिझायनर याच्या ठाम विरोधात होता, आणि त्या मेसेजमुळे त्याची बाजू ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं, खुद्द भागीदारसुद्धा.

दुसरा पर्याय त्याचा: फ्रेमची चूक दुरुस्त करायची, बाकी बदल तसेच ठेवायचे आणि का केले ते समजावून सांगायचं. तर्काला धरून होता. पण दम-खर्चाचं काय? वस्तादांचा आक्षेप तिथेच होता आणि त्याला फ्रेमच्या हिशेबात उत्तर नव्हतं.

तिसरा पर्याय चित्रकार मुलीनं सुचवला. दोन आखाडे करा, एक तालमीचा, जुन्या कडक नियमांचा, आणि एक नवख्यांचा. ऐकायला सुंदर. मोठ्या गेमांना परवडतं. इथे रात्री अकरानंतर समोर जोडच मिळेनाशी होते. त्यात खेळाडू विभागले तर दोन्ही आखाड्यांत वाट बघत बसायचं. हा पर्याय लगेच बाजूला पडला, आणि माझ्या मते योग्य कारणानं पडला.

चर्चेत ‘हेलडायव्हर्स २’ चा दाखला आला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या गेमच्या मोठ्या अपडेटनं फ्लेमथ्रोअरसारखी आवडती शस्त्रं दुबळी केली, खेळणारे खवळले, आणि कंपनीनं ६० दिवसांचा सुधारणेचा आराखडा जाहीर करून सप्टेंबरमध्ये शस्त्रं पुन्हा दणकट केली. त्यांनी माघार घेतली तर आपण का नाही, असा सूर निघाला. यावर कोड बघणाऱ्या भागीदाराचं उत्तर या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात धारदार होतं. तिथे सगळे खेळाडू एका बाजूला असतात आणि समोर संगणकाचे शत्रू. बंदूक जड, म्हणजे जास्त ताकदीची, केली तर शत्रू तक्रार करत नाही. कुस्तीत माझा डाव जड झाला की तुझी पाठ मातीला लागते. इथे एकाला दिलेलं दुसऱ्याकडून काढूनच द्यावं लागतं, त्यामुळे सगळे खूश होतील असा आकडाच नाही.

काय केलं

सगळ्यात आधी रँकच्या मॅच बंद केल्या. नुसतं खेळणं चालू, गुण चढउतार बंद. जाहिरातींची कमाई घटणार हे दिसत होतं, तरी याबाबत दोघांत वाद झाला नाही. मोबाईल पाहून निकाल लागतोय हे माहीत असताना रँक चालू ठेवणं म्हणजे नूरा, म्हणजे निकाल आधीच ठरलेली, कुस्ती लावण्यासारखं होतं.

मग मुदत फ्रेमवरून वेळेवर आणली, सगळ्या मोबाईलांवर सारखी. किती, यावर घासाघीस झाली. डिझायनरला २३३ हवे होते, तालमीच्या पोरांना १३३. शेवटी २०० मिलिसेकंद ठरले. डोळे उघडे ठेवून तयारीत असेल त्याला जमेल, गाफील असेल त्याला नाही. हा आकडा गेममध्ये पक्का न लिहिता सर्व्हरवर ठेवला, म्हणजे पुढे बदलायचा झाला तर अपडेट लागणार नाही. हे काम दोन दिवसांचं होतं आणि वर्षभर पुढे ढकललेलं होतं.

दम-खर्चावर वस्तादांचं म्हणणं पूर्ण मान्य केलं आणि ढाकाचा खर्च जुना केला. मग एकाच डावाचा मारा कसा थांबवायचा? इथे एक जुना किस्सा कामी आला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या चाचणीच्या काळात जास्त वेळ खेळणाऱ्याला मिळणारे अनुभव-गुण निम्म्यावर यायचे आणि लोक चिडायचे. बनवणाऱ्यांनी हिशेब तोच ठेवला, फक्त मांडणी उलटली: निम्मे ते नेहमीचे गुण, आणि विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट. तक्रार थांबली. स्टुडिओनं तोच मार्ग धरला. ढाकाला दंड नाही, पण आधीच्यापेक्षा वेगळा डाव टाकला की थोडा दम परत मिळतो. एकाच डावावर खेळणाऱ्याचं काही कापलं जात नाही, त्याला वरचं मिळत नाही इतकंच. पोरांना हे आवडलं, कारण तालमीत वस्ताद हेच सांगतात: डाव बदलत राहा, समोरच्याला वाचू देऊ नका.

नवं अपडेट आधी पाच टक्के लोकांना, मग वीस, मग सगळ्यांना दिलं. ‘नवीन काय’ मध्ये या वेळी खरे आकडे लिहिले: मुदत किती होती, किती झाली, स्वस्तातल्या मोबाईलांवर काय चुकलं होतं. प्ले स्टोअरवर रिव्ह्यूला उत्तर द्यायला ३५० अक्षरंच मिळतात. त्यामुळे मोबाईलबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला छोटं, वेगळं उत्तर दिलं, एकच मजकूर सगळीकडे चिकटवला नाही. डिझायनरनं ग्रुपवर माफी मागितली, दोन ओळींत, स्पष्टीकरणाशिवाय. ती तेवढीच ठेवायची हा आग्रह भागीदाराचा होता.

निष्पत्ती

ढाक आजही सर्वांत लाडका डाव आहे, पण पहिल्या काही सेकंदांत संपणाऱ्या मॅच कमी झाल्या. मानांकन बरंचसं सावरलं, पूर्वीच्या जागी मात्र आलं नाही. नवखे टिकायला लागले का? डिझायनर हो म्हणतो. मला तेवढं खात्रीनं म्हणवत नाही, कारण त्याच सुमारास मोबाईल तापणंही थांबलं होतं आणि दोन्हींचा परिणाम वेगळा काढायची सोय स्टुडिओनं ठेवली नव्हती.

वस्तादांचं नाव त्यांच्या सांगण्यावरून काढलं ते काढलंच. डिझायनर दोनदा तालमीत जाऊन आला. त्यांनी चहा पाजला, गेमचा विषय काढला नाही.

चित्रकार मुलीनं इन्स्टाग्रामचं काम सोडलं. आता ते दोघे भागीदार आलटून पालटून बघतात, आणि निर्णय ज्याचा त्यानंच उत्तर द्यायचं असा नियम आहे. शिवीगाळ करणाऱ्याला इशारा न देता ब्लॉक करतात. यावरून ग्रुपवर कुरकुर झाली, पण तालमीतल्याच मोठ्या पोरांनी ती मोडून काढली.

पुढच्या बदलांसाठी चाचणी गट केला: जाहीर करण्याआधी पंधरा-वीस जणांना खेळायला द्यायचं. कल्पना चांगली. पण गटात आले ते ओळखीचे, म्हणजे बहुतेक एकाच पेठेतले, आणि सगळे भारी मोबाईलवाले. पहिल्याच फेरीत त्यांनी घिस्सा जड आणि पट हलका करा असं सुचवलं. त्यांची स्वतःची खेळण्याची पद्धत तीच होती. दुसऱ्या पेठेला याचा सुगावा लागलाच. आता गटात निम्मे लोक बाहेरगावचे आणि निम्मे साधे मोबाईल वापरणारे असावेत असं ठरलंय. बाहेरगावचे मिळतात. साधे मोबाईलवाले सूचना लिहायला फारसे येत नाहीत, त्यांना फोन करून विचारावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

एका अपडेटमध्ये तीन गोष्टी घातल्या हे सगळ्यांना आता दिसतं. इंजिन बदल सक्तीचा होता आणि तारीख ठरलेली होती. ढाकाचा बदल महिनाभर थांबू शकला असता. तो वेगळा गेला असता तर फ्रेमची चूक त्याच्या पोटात लपली नसती. ‘किरकोळ दुरुस्त्या’ ही ओळ मला त्याहून जास्त खटकते. आकडे बदलल्याबद्दल लोक चिडतात आणि काही दिवसांत निवळतात. लपवल्याचा संशय आला की पुढचा प्रत्येक बदल, अगदी मातीचा रंगसुद्धा, त्याच नजरेनं पाहिला जातो. नव्या अपडेटमध्ये खरे आकडे दिले तरी काही जण दोन मोबाईल शेजारी ठेवून मोजूनच खात्री करत होते.

वस्तादांना बदलाआधी विचारायला हवं होतं का, यावर मतभेद आहेत. डिझायनर म्हणतो, त्यांनी नकारच दिला असता. दिला असता, पण दम कुणाचा जातो हा मुद्दा तेव्हाच कळला असता आणि दंडाऐवजी बक्षिसाचा मार्ग आधीच सुचला असता. नकार द्यायचा हक्क त्यांना द्या असं मी म्हणत नाही. नकाराचं कारण ऐकायला काय हरकत होती?

सगळ्यात अवघड निर्णयाबद्दल मात्र कुणी भांडलंच नाही, कारण ज्यांचं नुकसान झालं ते ग्रुपवर नव्हते. रँकच्या मॅच पुन्हा सुरू करताना सगळ्यांचे गुण अपडेटच्या आदल्या दिवसाला नेऊन ठेवले. मॅचच्या नोंदीत कुठला मोबाईल किती फ्रेमनं चालत होता हे साठवलेलंच नव्हतं, त्यामुळे कुठला पराभव अन्यायाचा हे ठरवता येत नव्हतं. तालमीच्या पोरांना गेलेली रँक परत मिळाली, ते खूश. पण त्या काळात स्वस्तातल्या मोबाईलवर खेळून पहिल्यांदाच वर चढलेली पोरंही होती, कागलची, गडहिंग्लजची, कुठली कुठली. त्यांनी काहीच लबाडी केली नव्हती. तांबडं कडं दिसलं, बटण दाबलं. एका सकाळी त्यांची रँक खाली आलेली होती आणि कारण फक्त ‘नवीन काय’ मध्ये होतं, जे फारसं कुणी उघडत नाही.

अपडेटच्या आदल्या दिवसाची आणि मॅच बंद केल्या त्या दिवसाची, यांतली जी रँक वरची असेल ती ठेवावी, असं मी भागीदारांना सुचवलं होतं. डिझायनरचं म्हणणं, त्यानं वरच्या पायऱ्यांवर गर्दी होऊन रँकला किंमत उरली नसती. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण तो हंगाम दोन महिन्यांत संपणारच होता आणि नव्या हंगामात सगळे शून्यावर येतात. तेवढे दोन महिने गर्दी चालली असती. किमान त्या पोरांना गेम उघडताच दोन ओळींचा निरोप तरी दिसायला हवा होता. पुढच्या वेळी तो द्यायचा असं ठरलंय. रँकचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.